अक्काला कोणी नाही

दिवाणखान्यात खुर्च्याच खुर्च्या होत्या आणि घरातली सगळी माणसं उभी होती.

साहेबांची बायको सकाळपासून उंच टाचांच्या चपलांत उभी राहून पार कावली होती. तिने हळूच खिडकीला पाठ लावली, तसा जावई धावत आला.

"आई, टेकू नका."

"अहो, बसले कुठे मी? नुसती टेकले."

"टेकणं हाही उपभोगच झाला. कर खात्याच्या तपासणीवाल्या बाई कोणत्याही क्षणी येतील. देणगी देणाऱ्याची बायको देणगीच्या भिंतीला टेकलेली त्यांनी पाहिली, की आपला कारभार आटोपलाच म्हणून समजा."

"भिंतसुद्धा दिलीत?"

"घर दिलं म्हणजे भिंती आल्याच ना."

अक्का मागच्या खोलीच्या दारातून हे सगळं बघत होती. तिच्या हातांना प्लास्टर लागलं होतं. आत टेबलावर कुणा गिऱ्हाइकाच्या खालच्या जबड्याचा साचा वाळत होता. दुपारपर्यंत त्यावर मेणात दात बसवले नाहीत, तर दंतवैद्य फोन करकरून तिचा जीव खाणार होता. लोकांच्या कवळ्या करण्यात तिचं सगळं आयुष्य गेलं होतं. या घरातल्या तिघाचौघांच्या तोंडातही तिचाच हात होता. साहेबांचे पुढचे दोन दात तर खास तिचे. शाळेत असताना ते कुंपणावरून पडले होते. मोठमोठ्या सभांत साहेब जे मोकळं हसू हसत, ते अक्काने करून दिलेलं होतं.

साहेब म्हणजे तिचा मधला भाऊ. लहानपणी त्याला ढब्बू म्हणत आणि अक्का अजूनही म्हणे. बाकीचं घर मात्र तो कंपनीचा सर्वात वरचा अधिकारी झाल्यापासून त्याला साहेब म्हणू लागलं होतं. आधी चेष्टेने म्हणत, पुढे त्यातली चेष्टा गळून पडली. त्याचा पगार किती, हे घरात कुणालाच नीट माहीत नव्हतं. कर किती, हे मात्र सगळ्यांना तोंडपाठ होतं, कारण जेवताना तो दुसरं काही बोलतच नसे. यंदा कंपनीने त्याला एवढा मोठा बोनस दिला, की आनंदाने त्याची झोप उडाली आणि कराच्या विचाराने ती परत आलीच नाही.

मग जावयाने तोड काढली. जावई करसल्लागार होता. त्याने सांगितलं, दानधर्म करा. जेवढ्याचं दान, तेवढ्या उत्पन्नावर कर नाही. रोख पैसे द्यायला साहेबांचा हात धजेना, तेव्हा जावई म्हणाला, मग एखादी वस्तू द्या. आणि साहेबांना आठवलं, की बाबांचं जुनं घर आपल्या नावावर आहे. बाबांनी घर त्याच्या नावावर केलं होतं आणि अक्काला त्याच्या हवाली केलं होतं. पहिल्या गोष्टीचा कागद झाला, दुसरीचा झाला नाही. बाप गेल्यावर कागद तेवढा उरला.

दान द्यायचं तर कशासाठी, यावर बराच खल झाला होता. शाळा काढावी तर परवाने लागतात. दवाखाना काढावा तर डॉक्टर लागतात. अन्नछत्र काढावं तर आचारी आणि वर आरोग्य खात्याचा माणूस. शेवटी जावयाला सुचलं, की माणसाला नुसतं बसायला परवाना लागत नाही. झालं! 'थकल्याभागल्या कोणाही व्यक्तीस वाटेल तितका वेळ विसावा घेण्यासाठी' असा उद्देश घालून ट्रस्ट उभा राहिला. 'वाटेल तितका वेळ' हे शब्द जावयाने मुद्दाम घातले होते, वाचायला उदार वाटतात म्हणून. खुर्च्या कंपनीच्या गोदामातून आल्या. दारावर पाटी लागली. थकलेलं मात्र कोणी आलं नाही. ही गल्ली चढाची होती खरी, पण चढून येणाऱ्या प्रत्येकाचं वर स्वतःचं घर होतं, आणि त्या घरात त्याची स्वतःची खुर्ची होती.

हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात ते हेच, असं अक्का त्या दिवशी म्हणाली होती. तिला कोणी विचारलंच नव्हतं.

आणि आता अट निघाली होती. दिलेल्या वस्तूचा उपभोग देणाऱ्याने घ्यायचा नाही, त्याच्या नातेवाइकांनीही घ्यायचा नाही. घेतल्याचं दिसलं की करातली सूट रद्द. म्हणून सगळे उभे होते. आणि नातेवाइकांतली एक बाई या घरात नुसती बसत नव्हती. ती इथे झोपत होती, स्वयंपाक करत होती, न्हाणीघरात कपडे वाळत घालत होती आणि मागच्या खोलीत दातांचा कारखाना चालवत होती.

"आत्या, मी परत सांगतो," जावई म्हणाला. "सूट गेली तर सगळा कर भरावा लागेल. तो भरायला घर विकावं लागेल. मग तुम्ही कुठे जाणार?"

"आमच्याकडे पाहुण्यांची खोली आहे की," साहेब म्हणाले.

त्यांच्या बायकोने उभ्या उभ्या डोळे मिटले. पाहुण्यांच्या खोलीत तिचं व्यायामाचं सामान होतं, आणि कपाटातल्या फळीवर ओळीने ठेवलेले जबडे तिला डोळ्यांपुढे दिसू लागले होते. नणंद-भावजयीचं साऱ्या आयुष्यात एका गोष्टीवर कधी पटलं नव्हतं. आज मात्र अक्काची बाजू घेणारी तीच एकटी होती.

"अक्कांना इथून हलवायचं नाही," ती ठामपणे म्हणाली. "खोटं बोलावं लागलं तरी चालेल. मी बोलते हवं तर."

"त्यासाठीच तर ही तालीम," जावई म्हणाला. "आत्या नातेवाईक नाहीत. आत्या म्हणजे रस्त्याने जाता जाता थकलेल्या बाई. आल्या, बसल्या. वाटेल तितका वेळ."

"किती वर्षं बसल्येय म्हणून सांगू?" अक्काने विचारलं.

"ते विचारलं तरच सांगायचं."

तेवढ्यात धाकटा भाऊ आला. त्याची गाडी शिकवण्याची शाळा होती. थकलेली माणसं आणण्याचं काम त्याच्याकडे होतं, आणि त्या बदल्यात साहेबांच्या कंपनीच्या ड्रायव्हरांना शिकवण्याचं कंत्राट त्याला मिळायचं होतं. त्याच्यामागून तीन विद्यार्थी आत शिरले. कपड्यांना कडक इस्त्री, केस चापूनचोपून बसवलेले. परीक्षेला आल्यासारखे ताठ उभे राहिले.

"हे थकलेले?" साहेबांनी विचारलं.

"दादा, नापास होऊ या भीतीने हे आले. भीतीने माणूस थकत नाही रे, ताजातवाना होतो. माझा काय दोष?"

"यांना जिन्यावरून पळव," अक्का म्हणाली. ती हे चेष्टेत म्हणाली होती. पण चेष्टा कळावी इतकी उसंत त्या दिवशी कोणाला नव्हती. धाकट्याने टाळी वाजवली, आणि तिघं जण जिना चढू-उतरू लागले. घर दणदणायला लागलं. मागच्या खोलीत साचे हलू नयेत म्हणून अक्काने टेबलावर पंजे दाबून धरले.

"साहेब, आता तुमचं," जावई म्हणाला. "मी तपासणीवाल्या बाई. सांगा, या कोण?"

साहेबांनी अक्काकडे पाहिलं. शेकडो माणसांना एका सकाळी घरी बसवताना ज्याचा आवाज कधी कापला नाही, तो माणूस चाचरू लागला.

"या... या बाई... अक्का, तू जरा तिकडे बघतेस का? तू बघत असलीस की मला जमत नाही."

"ढब्बू, सरळ म्हण. ही कोण मला ठाऊक नाही. अक्काला कोणी नाही, असं म्हण."

"'अक्का' नाही म्हणायचं, आत्या!" जावयाने कपाळावर हात मारला.

"बरं बाबा. या बाईला कोणी नाही. म्हण."

"या बाईला कोणी नाही," साहेब म्हणाले. पहिल्यांदा पुटपुटले, दुसऱ्यांदा बरं जमलं, आणि तिसऱ्यांदा ते वाक्य इतकं सफाईने आलं की धाकट्याने "वा!" म्हटलं.  अक्कानेच शिकवलं होतं, मागे लागून पाठ करून घेतलं होतं. तरी ते त्याच्या तोंडून, तिनेच बसवलेल्या दातांतून बाहेर पडलं, तेव्हा तिला वाटलं, हे आपल्याला ऐकायला नको होतं. ती हात धुवायला आत गेली. टेबल, भिंतीवर टांगलेली हत्यारं, पॉलिशचं मशीन, मेण तापवायचा दिवा, सगळं तिने एकदा बघून घेतलं. हे सोडून ती कुठे जाणार होती? भावजयीच्या व्यायामाच्या सायकलीवर बसून दात घासणार होती? नाही म्हणू दे त्याला, तिने मनाशी ठरवलं. म्हटल्याने काय झडतं?

घंटी वाजली.

तपासणीवाल्या बाई चढ चढून आल्या होत्या. दम लागला होता, घाम आला होता, आणि खांद्यावरची पिशवी एका बाजूला ओढत होती. दारावरची पाटी त्यांनी खालपासून वरपर्यंत वाचली.

"या, या, बसा!" साहेब म्हणाले.

"नाही हं. तपासणी चालू असताना मला काही घेता येत नाही."

"पाणी तरी?"

"तेही नको. तुम्ही बसा ना."

"आम्हालाही नाही बसता येत," साहेबांची बायको रडवेल्या आवाजात म्हणाली.

खोलीभर खुर्च्या मधोमध मोकळ्या, आणि भोवती सगळे उभे. कोणी तरी गेलं असावं असा तो देखावा होता. फक्त कोपऱ्यात धाकट्याचे तिघे विद्यार्थी बसले होते. बसले कसले, जिन्याने त्यांचं असं काही केलं होतं की एकमेकांच्या खांद्यांवर माना टाकून ते गाढ झोपले होते. एक तर घोरत होता. बाई त्यांच्याजवळ गेल्या आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"हे मात्र खरे थकलेले दिसतात," त्या म्हणाल्या. जावयाचा चेहरा उजळला. बाईंच्या आवाजात थोडा हेवा होता.

मग त्यांनी वही काढली आणि मागच्या दाराकडे पाहिलं. "आणि या?"

 अक्का हात पुसत पुढे आली. चेहऱ्यावर थकवा आणायची तिला गरज पडली नाही. साहेबांनी कोटाचं बटण लावलं, गळा साफ केला आणि अक्काकडे पाहिलं. खरं तर तेवढंच करायचं नव्हतं.

"या बाईला," ते म्हणाले, आणि थांबले.

"हं?"

"या बाईला कोणी..." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "नाही, मॅडम. मला नाही जमायचं. ही माझी बहीण आहे! माझी अक्का! मी कुंपणावरून पडलो तेव्हा हिने मला पाठीवर घेऊन दवाखाना गाठला. हिला मी परकी म्हणू? कुठल्या तोंडाने म्हणू?"

जावई मटकन खाली बसला. खुर्चीवर नाही, जमिनीवर. धाकट्याच्या तोंडून शिवी निसटली. साहेबांनी डोळे पुसले आणि छाती भरून श्वास घेतला. खरं बोलल्यावर माणसाला किती हलकं वाटतं, हे त्यांना फार वर्षांनी कळलं होतं, आणि ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

अक्काच्या मात्र तळपायाची आग मस्तकाला गेली.

"मूर्खा!" ती कडाडली. "तुला एवढं साधं खोटं बोलता येत नाही? आयुष्यभर बोललास की! आज कुठून आला हा पुळका? घर माझं जाणार, कारखाना माझा जाणार, आणि तू डोळे पुसत उभा! आधी घर दिलंस तेही माझं, आणि आता खरं बोललास तेही माझ्याच जिवावर!"

"अक्का, अगं प्रेमापोटी बोललो मी."

"कुणी मागितलं होतं प्रेम? मी राहायला जागा मागितली होती!"

बाई शांतपणे लिहीत होत्या. "म्हणजे देणगीदाराची सख्खी बहीण," त्या म्हणाल्या. "उपभोग सिद्ध झाला. सूट मिळणार नाही. यंदाच्या पूर्ण उत्पन्नावर कर, आणि चुकीची माहिती दिल्याबद्दल वर दंड."

"पूर्ण म्हणजे?" साहेबांनी विचारलं.

"बोनससकट."

साहेबांचा श्वास अर्ध्यात अडकला. नवी गाडी आली होती, समुद्राकाठचा फ्लॅट ठरला होता, बोनस केव्हाच खर्ची पडला होता. त्यांनी कोटाचं बटण काढून पुन्हा लावलं. मग म्हणाले, "मॅडम, मी जरा भावनेच्या भरात बोललो. बहीण आहे, पण... तशी सख्खी म्हणता येईल असं नाही."

"तशी म्हणजे कशी?"

"म्हणजे हिच्यात आणि माझ्यात वयाचं फार अंतर आहे."

"त्याने सख्खेपणा कमी होत नाही."

"आमचं येणंजाणंही नसतं हो फारसं," भावजय मदतीला धावली. "फोनसुद्धा नाही. मी तर यांना ओळखतच नाही म्हटलं तरी चालेल."

"दत्तक असेल कदाचित," जावई जमिनीवरून म्हणाला. "चौकशी करायला हवी."

"दादा, शाबास!" धाकटा एकदम उसळला. कंत्राट आता मिळत नाही हे त्याच्या लक्षात आलं होतं, आणि त्याबरोबर त्याची निष्ठाही मोकळी झाली होती. "बाबांचं घर परस्पर देऊन टाकलंस, मला विचारलंसुद्धा नाहीस. आता अक्कालाही देऊन टाक कुणाला तरी!"

"तू गप्प बस!"

"बसू कुठे? बसायची बंदी आहे ना!"

कोपऱ्यातला घोरणारा दचकून जागा झाला, "डावीकडे सिग्नल" असं काहीतरी बरळला आणि पुन्हा झोपला. अक्काला इतका वेळ राग होता. आता तो उतरला आणि तिला नुसतं भरून आलं. माणसाने पहिल्याने एकदम तोडलं असतं तर तिने सोसलं असतं, तिनेच तर ते शिकवलं होतं. पण आधी मिठी मारायची, आणि किंमत कळल्यावर बोटं एकेक करून सोडवायची, हे तिला सोसेना.

"बाई," ती म्हणाली, "घर विकायला किती दिवस मिळतील? माझी यंत्रं जड आहेत. हलवायला माणसं बघावी लागतील."

"कोणतं घर?"

"हेच. कर भरायला हे घर विकावं लागेल ना?"

तपासणीवाल्या बाईंनी वहीतून मान वर केली. "हे कसं विकतील? हे त्यांचं राहिलेलं नाही. दिलं म्हणजे दिलं. सूट नाही मिळाली म्हणून दान परत येत नाही."

जावई छताकडे बघू लागला. अक्काने त्याच्याकडे पाहिलं आणि तिला उमगलं, की याला हे पहिल्यापासून माहीत होतं.

"मग मी कुठे जाऊ?"

"कशाला जाता? कागदात लिहिलंय, थकलेल्या कोणाही व्यक्तीस, वाटेल तितका वेळ. नातेवाइकांना बंदी होती ती फक्त सूट मिळावी म्हणून. सूटच नसेल तर नातेवाइकांनी थकायला काही हरकत नाही. तुम्ही थकता ना?"

"रोज," अक्का म्हणाली.

"मग राहा. तुम्हाला इथून कोणी उठवू शकत नाही." बाईंनी पान उलटलं. "राहता राहिला तुमच्या नात्याचा प्रश्न. साहेबांनी दोन जबाब दिले, दोन्ही उलटसुलट. मला एकच लिहायचा आहे. तेव्हा आता तुम्हीच सांगा. तुम्ही जे सांगाल ते मी लिहीन. हे तुमचे कोण?"

 भावजय हात जोडून अक्काकडे बघत होती. व्यायामाची खोली वाचली होती, आता समुद्राकाठचा फ्लॅट वाचायचा होता. जावई ओठांनी 'कोणी नाही, कोणी नाही' असं दाखवत होता. साहेब बोलत नव्हते. ज्या सभांत ते बोलत त्या सभांत समोरच्याच्या हातात कधी काही नसे. आज सगळं अक्काच्या हातात होतं.

अक्काने त्याच्याकडे नीट पाहिलं. कोटाच्या आतला तो घामाघूम माणूस, पुढे आलेला खालचा जबडा, बाबांचा होता तस्साच. राग येत होता आणि मायाही दाटून येत होती, आणि दोन्ही मिळून तिला एकच गोष्ट करायला सांगत होती. परकं म्हटलं तर तो आज वाचला असता आणि जन्मभर परकाच राहिला असता.

"भाऊ आहे माझा," ती म्हणाली. "सख्खा. एकाच आईचा, एकाच बापाचा. लिहून घ्या, सगळं सांगते."

"अक्का," साहेब काकुळतीला आले, आणि त्यांच्या तोंडून कुंपणावरून पडलेल्या पोराचा आवाज निघाला, "अक्का, नको ना गं!"

"हे वाक्यही लिहा," अक्का बाईंना म्हणाली, आणि आईच्या नावापासून सांगायला लागली.